मदत हवी आहे: साडेतीन महिन्यांचं बाळ, हृदय जाड, लॅसिक्स-डिगॉक्सिन देऊनही हार्ट फेल्युअर वाढतंय

टिटवी
साडेतीन महिन्यांचं बाळ, वजन ४.६ किलो. दूध ओढताना धाप लागते, कपाळावर घाम, श्वास ७० च्या पुढे, यकृत ४ सेमी हाताला लागतं. एक्स-रेत हृदय छातीभर पसरलेलं. इकोत एचसीएम (हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार), दोन्ही वेंट्रिकल जाड, ईएफ (दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा) ६८. लॅसिक्स १ मिग्रॅ प्रति किलो दिवसातून तीनदा, डिगॉक्सिन आणि कॅप्टोप्रिल चालू आहे. तीन दिवस झाले, काडीचा फरक नाही. उलट कालपासून हातपाय गार आणि लघवी कमी. आता डोब्युटामिन लावू की मिल्रिनोन? डोस सांगा. इन्फेक्शन नाही, ते बघून झालंय. आजार जनुकीय असणार हे दिसतंच आहे, पण तो रिपोर्ट यायला वेळ लागेल. तोवर बाळ टिकलं पाहिजे. कृपया मुद्द्याचं उत्तर द्या.

कवडसा
दोन्ही नको. आधी हे सांगा: एलव्हीओटी ग्रेडियंट (डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडण्याच्या वाटेवरचा दाबाचा फरक) किती? ईसीजीत पीआर (वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात विद्युत संदेश पोचायला लागणारा वेळ) किती? सीके (स्नायूचं एन्झाइम), साखर, लॅक्टेट, सोडियम, पोटॅशियम? टोन (स्नायूंचा ताण) कसा आहे? आईला मधुमेह होता का? बाळाला स्टेरॉइड मिळालंय का? यातलं एकही तुमच्या प्रश्नात नाही आणि उत्तर यातच आहे.

गुलबक्षी
चेहरा कसा आहे तेही लिहा. डोळ्यांत अंतर जास्त, कान खाली, मान आखूड, पल्मनरी व्हॉल्व्ह जाड असेल तर नूनन सिंड्रोम (जनुकीय आजार) धरा. आरएएफ१ किंवा आरआयटी१ जनुकात बदल असेल तर ट्रॅमेटिनिब ०.०२५ मिग्रॅ प्रति किलो रोज एकदा. एमईके हे वाढीचा संदेश पुढे नेणारं एन्झाइम अडवलं की स्नायूची जाडी मुळातून उतरते. २०१९ मध्ये आरआयटी१च्या दोन बाळांत हृदय मागे फिरल्याचं प्रसिद्ध झालंय. जनुकांच्या पॅनेलची वाट बघत बसू नका.

निवडुंग
हार्ट फेल्युअरच्या बाळाचं डिगॉक्सिन काढायला कुणी सांगणार असेल तर माझा विरोध आहे. व्हीएसडीच्या (हृदयाच्या पडद्याला भोक असलेल्या) बाळांना याच औषधांवर वजन वाढवून ऑपरेशनपर्यंत नेता येतं. डोस तपासा, पातळी करा, पण बंद करू नका.

कवडसा
निवडुंग सर, व्हीएसडीत रक्त जास्त वाहतं आणि कप्पा मोठा असतो. इथे कप्पा चिरेएवढा उरलाय. हे हृदय पिळायला कमी पडत नाही, भरायला कमी पडतंय. ईएफ ६८ म्हणजे पंप चांगला असा अर्थ काढू नका. आत येणारं रक्तच थोडं असेल तर त्यातलं ६८ टक्के बाहेर टाकूनही शरीराला पुरत नाही. अशा वेळी
डिगॉक्सिन, डोब्युटामिन, मिल्रिनोन: आकुंचन जोरात, वाट आणखी चिमटते.
कॅप्टोप्रिल: पुढचा दाब पडतो, ग्रेडियंट वाढतो.
लॅसिक्सचा मारा: भरणंच कमी होतं.
हातपाय गार, लघवी कमी, हे औषध कमी पडल्याचं लक्षण नाही. तीन औषधं एकाच दिशेने ओढताहेत त्याचं आहे.

टिटवी
माहिती देतोय, पण जरा लवकर सांगा.
सेप्टम १३ मिमी, मागची भिंत १२ मिमी, ग्रेडियंट ४८. नाडी १७०. सोडियम १२८, पोटॅशियम ३.१. उपाशी असताना साखर ७२, लॅक्टेट २.४. आईला मधुमेह नाही, स्टेरॉइड नाही. चेहरा वेगळा वाटत नाही, पल्मनरी व्हॉल्व्ह नॉर्मल. सीके केलेलं नाही, हृदयाच्या केसमध्ये त्याची गरज वाटली नाही. एएसटी ३१०, एएलटी १८०, पण बिलिरुबिन आणि जीजीटी नॉर्मल. यकृतात रक्त साठल्यामुळे वाढलं असणार असं धरलंय. टोन कमी आहे, पण एवढ्या आजारी बाळाचा टोन कमीच असणार ना? ईसीजीचे क्यूआरएस इतके उंच आहेत की एका लीडची रेघ वरच्या लीडमध्ये शिरते.

वाळूघड्याळ
पीआर राहिला.

टिटवी
७० मिलिसेकंद. मशीनने 'नॉर्मल' लिहिलंय.

वाळूघड्याळ
मशीनचं सोडा. या वयात ७० आखूड आहे. आखूड पीआर, कागदात न मावणारे क्यूआरएस, ढिलं अंग, आणि जीजीटी नॉर्मल असताना वाढलेले एएसटी-एएलटी. हे एन्झाइम यकृताचे नसून स्नायूचे आहेत. पोम्पे (स्नायूंत ग्लायकोजेन साचवणारा जनुकीय आजार) समोर आहे. आजच सीके पाठवा. बाळाला हाताला धरून बसतं करा: डोकं मागे लोंबतं का? पाठीवर ठेवल्यावर मांड्या बेडकासारख्या पसरतात का? जीभ ओठांबाहेर राहते का? आजारी बाळ मलूल असतं, पण उचलल्यावर थोडं तरी आवरून धरतं. पोम्पेचं बाळ हातातून निसटतं. चेहरा मात्र जागा, डोळे तुमच्यावर रोखलेले.

टिटवी
तिन्ही आहेत. जीभ मोठी असल्याची नोंद नर्सने पहिल्याच दिवशी केली होती. सीके १,४५०.

कवडसा
आता क्रमाने.
डिगॉक्सिन आणि कॅप्टोप्रिल आत्ताच थांबवा. पोटॅशियम ३.१ वर डिगॉक्सिन ठेवणं धोक्याचंच आहे. ते शरीरातून जायला वेळ लागतो, म्हणून मॉनिटर काढू नका, हार्ट ब्लॉककडे लक्ष ठेवा. पोटॅशियम हळूहळू भरा. लॅसिक्सचा पुढचा डोस गाळा, नंतर ०.५ ते १ मिग्रॅ प्रति किलो दिवसातून एकदा किंवा दोनदा, तेही फुप्फुसात पाणी दिसलं तरच. सलाइन ५ मिली प्रति किलो, म्हणजे २३ मिली, अर्ध्या तासात. दर १० मिनिटांनी यकृताची कड पेनाने आखा आणि नाडी लिहा. नाडी उतरली आणि कड जागेवर राहिली तर बाळाला पाणी हवं होतं. कड खाली सरकली तर तिथेच थांबा. १० किंवा २० मिली प्रति किलोचा नेहमीचा बोलस इथे देऊ नका.
बीपी कोसळलं तर फिनाइलेफ्रिन. ते आकुंचन न वाढवता दाब वाढवतं.

शेंदरी
आणि बीटा ब्लॉकर? नाडी १७० वर असताना भरायला वेळच मिळत नाही.

कवडसा
द्यायचा, पण बिचकत. प्रोप्रॅनोलॉल ०.२५ मिग्रॅ प्रति किलो दर ८ तासांनी, दुधानंतरच. दूध घेतलं नाही तर डोस नाही, साखर पडते आणि नाडी दाबलेली असल्याने ती पडल्याचं कळत नाही. नूननमध्ये डोस बराच वर नेता येतो. पोम्पेत स्नायू आतून ग्लायकोजेनने ठासलेला असतो, तिथे तेवढी घाई करू नका. भीती वाटत असेल तर आयसीयूत इस्मोलॉल. बंद केलं की काही मिनिटांत उतरतं.

पाणकोंबडी
जनुकीय म्हणून उड्या मारण्याआधी थायमिन दिलंत का? कारण न कळलेल्या हार्ट फेल्युअरच्या प्रत्येक लहान बाळाला १०० मिग्रॅ शिरेतून द्यावं. काही तासांत फरक दिसतो, अपाय नाही. शिवाय एल-कार्निटिन १०० मिग्रॅ प्रति किलो सुरू करा. कार्निटिनची कमतरता निघाली तर बाळ वाचलं, नाही निघाली तर काही बिघडत नाही.

वाळूघड्याळ
थायमिनला माझी हरकत नाही, द्या. कार्निटिनच्या 'काही बिघडत नाही'ला आहे. प्रायमरी कार्निटिन डेफिशियन्सीत ते अमृत आहे, १०० ते ४०० मिग्रॅ प्रति किलो रोज विभागून, आणि फैलावलेलं हृदय पुन्हा आकाराला येतं. पण व्हीएलसीएडीसारख्या, लांब साखळीची चरबी जाळता न येण्याच्या दोषात शिरेतून कार्निटिन दिलं की लाँग-चेन ॲसिलकार्निटिन साचतात आणि रिदम बिघडण्याची भीती असते. व्हीएलसीएडीतही हृदय जाडच होतं, पेरिकार्डियमभोवती पाणीही येतं. म्हणजे इकोवर फरक कळणार नाही.

पाणकोंबडी
फ्री कार्निटिन कमी असेल तर भरावंच लागतं. रिपोर्टची वाट बघत बाळ गमवायचं का?

वाळूघड्याळ
वाट बघू नका, नमुना आधी घ्या एवढंच. कार्निटिनचा एक डोस गेला की फ्री कार्निटिनचा आकडा निरुपयोगी. फिल्टर पेपरवर चार ठिपके टाकायला दोन मिनिटं लागतात. आणि व्हीएलसीएडीची शंका असेल तेव्हा पहिलं काम कार्निटिनचं नव्हे, साखरेचं: ग्लुकोज ८ ते १० मिग्रॅ प्रति किलो प्रति मिनिट, शिरेतलं लिपिड बंद, दूध एमसीटीचं (मध्यम साखळीच्या चरबीचं). प्रोपोफॉलही नको, तेही चरबीच्या द्रवातच येतं.

गुलबक्षी
ट्रॅमेटिनिबबद्दल कुणी बोलत नाही. रासोपॅथी (नूननच्या गटातले आजार) अजून रद्द झालेली नाही.

कवडसा
गुलबक्षी ताई, रासोपॅथीत पीआर असा आखूड होत नाही आणि सीके १,४५० ला जात नाही. तिथे ईसीजीचा अक्ष वर-उजवीकडे वळलेला असतो. औषध चांगलंच आहे, पण त्याचं कुलूप वेगळं. पोम्पेत एमईके अडवून ग्लायकोजेन हलत नाही. आणि नूननच्या बाळालाही जनुक कळल्यावरच द्यावं: पीटीपीएन११ जनुकाचा मल्टिपल लेंटिजिन्सवाला बदल निघाला तर बिघाड एमईकेच्या नव्हे, एमटॉरच्या वाटेवर असतो. पुरळ, जुलाब, नखांच्या कडेला सूज, रक्तस्राव, हे सगळं सांभाळावं लागतं.

दीपमाळ
नमुने एकदाच नीट घ्या, टिटवी. वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यावर ॲसिड अल्फा-ग्लुकोसिडेज (पोम्पेत कमी पडणारं एन्झाइम). फॉर्मवर 'ॲकार्बोज वापरून' असं लिहा, नाहीतर पांढऱ्या पेशींतला दुसरा माल्टेज मोजला जातो आणि आकडा खोटा नॉर्मल येतो. ईडीटीएत २ मिली रक्त जीएए (याच एन्झाइमच्या) जनुकासाठी. लघवीत हेक्स४ (ग्लायकोजेनचा तुकडा). ॲसिलकार्निटिनचा कागद. हे सगळं रक्त किंवा आयव्हीआयजी (शिरेतून द्यायच्या तयार अँटिबॉडी) देण्याआधी. ठिपके तीन-चार तास आडवे वाळवा, ओले पाकिटात घातले तर एन्झाइम मरतो आणि रिपोर्ट 'कमी' येतो. मग चुकीचं निदान.

शेंदरी
पुढच्या गरोदरपणाचं पालकांना आत्ताच सांगून ठेवा. ऑटोसोमल रिसेसिव्ह आहे, प्रत्येक वेळी २५ टक्के. १० ते १२ आठवड्यांत कोरिऑनिक व्हिलस तपासता येतं, पण त्यासाठी या बाळातले दोन्ही बदल आणि आईवडिलांचे नमुने हाताशी हवेत.

टिटवी
ते नंतर बघू. आत्ता हे बाळ. सलाइननंतर नाडी १४८ झाली, कड जागेवर, लघवी सुटली. डिगॉक्सिन, कॅप्टोप्रिल बंद. आता पोर्ट (त्वचेखाली बसवायची शिरेची नळी) बसवायला ॲनेस्थेशियाला कळवलंय. प्रोपोफॉल-सेव्होफ्लुरेन असा बेत आहे.

कवडसा
थांबवा तो बेत. भिंत १२ मिमी जाड आहे, तिला रक्त डायस्टोलमध्ये मिळतं. प्रोपोफॉल किंवा जास्त सेव्होफ्लुरेनने डायस्टोलिक दाब पडला की स्नायू उपाशी पडतो आणि थेट व्हीएफ (हृदय ठोका न देता नुसतं थरथरणं). पोम्पेच्या बाळांचे मृत्यू टेबलावर याच वाटेने होतात. सक्सिनिलकोलिनही नको, पोटॅशियम उसळतं. पोर्टची घाई कशाला? पहिले डोस साध्या कॅन्युलातून किंवा लोकल देऊन पीआयसीसीतून जातात. भूल द्यावीच लागली तर केटामिन, फिनाइलेफ्रिन भरून ठेवलेलं, डिफिब्रिलेटरचे पॅड आधीच चिकटवलेले.

टिटवी (नऊ दिवसांनी)
एन्झाइम जवळजवळ शून्य. जनुकात दोन्ही प्रतींत स्टॉप कोडॉन. औषध मिळालंय, अल्ग्लुकोसिडेज अल्फा (बाहेरून द्यायचं तेच एन्झाइम). आज सुरू करू का? आकडे तपासून द्या.

दीपमाळ
दोन्ही प्रतींत स्टॉप म्हणजे सीआरआयएम-निगेटिव्ह (एन्झाइमचं प्रथिन अजिबात न बनणारं बाळ) धरून चाला. शरीराने हे प्रथिन कधी पाहिलेलंच नाही, ते परकं समजून अँटिबॉडी करणार आणि काही महिन्यांत औषध निकामी होणार. म्हणून सहनशक्ती पहिल्या डोसबरोबरच शिकवायची: रिटुक्सिमॅब दर आठवड्याला असे ४ डोस, मेथोट्रेक्सेट ०.४ मिग्रॅ प्रति किलो त्वचेखाली पहिल्या तीन इन्फ्यूजनच्या वेळी तीन-तीन दिवस, आयव्हीआयजी महिन्यातून एकदा. आधी अँटिबॉडीचा मूळ नमुना आणि हिपॅटायटिस बी. जिवंत लसी थांबवा.

टिटवी
रिटुक्सिमॅब ३७५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर. पृष्ठभाग ०.२८, म्हणजे १०५ मिग्रॅ?

दीपमाळ
नाही! ०.५ चौरस मीटरच्या खाली वजनावर मोजतात, १२.५ मिग्रॅ प्रति किलो. ५७.५ मिग्रॅ. एवढ्याशा बाळाचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा निघतो आणि डोस दुपटीला जातो. मेथोट्रेक्सेट १.८४ मिग्रॅ. सिरिंजवर दशांश चिन्ह दोघांनी वाचा. आयव्हीआयजी १० टक्क्यांची घ्या, ५ टक्क्यांची घेतली तर पाणी दुप्पट जातं. आणि ती एन्झाइमच्या दिवशी नको.

वाळूघड्याळ
एन्झाइमचा हिशेब. २० मिग्रॅ प्रति किलो दर दोन आठवड्यांनी, म्हणजे ९२ मिग्रॅ. ५० मिग्रॅच्या २ व्हायल. प्रत्येकीत १०.३ मिली स्टराइल वॉटर. पाणी पावडरवर मारायचं नाही, काचेच्या कडेने थेंबथेंब सोडायचं. व्हायल हलवायची नाही, तिरकी करून हातात फिरवायची, फेस आला की प्रथिन तुटतं. झालं ५ मिग्रॅ प्रति मिली. त्यातलं १८.४ मिली घ्या, ३१.६ मिली सलाइनमध्ये, एकूण ५० मिली. पिशवीतली हवा काढून टाका. लाइनमध्ये ०.२ मायक्रॉनचा, प्रथिन न धरणारा फिल्टर.
वेग: ताशी ३ मिली, अर्ध्या तासाने ८, मग १३, मग १८ आणि शेवटपर्यंत तोच. साडेतीन तासांहून थोडं जास्त. प्रत्येक पायरीआधी नाडी, बीपी, तापमान. काही बदललं तर वेग वाढवायचा नाही.
हे ५० मिली म्हणजे ११ मिली प्रति किलो. ते दिवसभराच्या पाण्यातून वजा करा. हृदय असं असताना औषधाबरोबरचं पाणीच बाळाला फुप्फुसात बुडवू शकतं.

निवडुंग
४० मिग्रॅ प्रति किलो दर आठवड्याला का नाही? २०वर स्नायूत पुरेसं पोचत नाही. हृदय सुधारतं आणि बाळ ढिलंच राहतं.

वाळूघड्याळ
तुमचं म्हणणं स्नायूंपुरतं पटतं, हृदयाच्या पेशींना एन्झाइम सहज मिळतं, हातापायांना मिळत नाही. अनेक केंद्रं वरच्या डोसवर जातात. पण आज पहिला डोस आहे, हृदय फुगलेलं आहे. आधी २० सहन होऊ द्या.

शेंदरी
रिॲक्शन आली तर ॲड्रेनालिन द्यायचं का? ग्रेडियंट आहे ना.

कवडसा
अंगावर पित्त आलं, ताप आला तर इन्फ्यूजन थांबवा, अँटिहिस्टामिन द्या, उतरलं की अर्ध्या वेगाने पुन्हा. खरी ॲनाफिलॅक्सिस असेल, श्वास अडकला, दाब गेला, तर ॲड्रेनालिन द्यायचंच, मांडीत, ०.०१ मिग्रॅ प्रति किलो. ग्रेडियंटची काळजी त्याच्यानंतर.

टिटवी (दहा आठवड्यांनी)
धागा वर काढतोय. पाच इन्फ्यूजन झाली, अँटिबॉडी नाही. सेप्टम १३ वरून ९, ग्रेडियंट गेला, दूध नळीतून पूर्ण, वजन ५.९. पण ईएफ ६८ वरून ४९ वर आलाय. औषध चालत नाहीये का? डोस वाढवू?

गुलबक्षी
५.९ झालंय तर एन्झाइमचा डोस ११८ मिग्रॅ, तीन व्हायल. अजून ९२ वरच असाल तर आधी ते दुरुस्त करा.

टिटवी
गेल्या वेळी १०० दिलं होतं. पूर्ण २ व्हायल.

वाळूघड्याळ
ते आजच वाढवा, आणि दर इन्फ्यूजनला त्या दिवशीचं वजन. बाकी ईएफचं म्हणाल तर पहिल्या काही महिन्यांत तो असा उतरतो. भिंती पातळ होतात, कप्पा मोकळा होतो, आधीचा ६८ हा आकडाच चिमटलेल्या कप्प्यामुळे आलेला होता. स्ट्रोक व्हॉल्यूम (दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त) बघा, तो वाढलेला दिसेल. २४ तासांचा होल्टर (सलग ईसीजी) करा, जाडी उतरत असताना रिदम बिघडू शकतो.

कवडसा
आणि प्रोप्रॅनोलॉल कमी करत आणा, ग्रेडियंट उरलेला नाही. कप्पा मोठा होत राहिला, ईएफ आणखी उतरला तर कॅप्टोप्रिल ०.१ मिग्रॅ प्रति किलोपासून दर ८ तासांनी सुरू करता येईल, पहिल्या डोसनंतर दोन तास बीपी, आठवड्याने क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. दहा आठवड्यांपूर्वी तेच औषध या बाळाला घातक होतं. हृदय बदललंय, म्हणून उत्तर बदललं. स्ट्रोक व्हॉल्यूम इथे टाका, मग ठरवू.